पराली, पाचट आणि मातीतले जिवाणू : मृदा आरोग्य पत्रिकेतील ‘सेंद्रिय कर्ब’ कसा वाचावा

मृदा आरोग्य पत्रिका हातात पडली की बहुतेक शेतकरी नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन आकडे पाहतात आणि पत्रिका कपाटात ठेवून देतात. पत्रिकेवर एकूण १२ घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. मातीत जिवाणू किती आहेत, हे सांगणारा रकाना त्यात नाही. मात्र त्यांचे पोट भरते आहे की नाही, हे एका रकान्यावरून कळते. तो रकाना सेंद्रिय कर्बाचा. तो आकडा कशाने घटतो, कशाने वाढतो आणि त्यासाठी कोणत्या योजनांचा लाभ घेता येतो, याची माहिती या पानावर दिली आहे.

उदाहरण मुख्यतः दिल्ली राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचे, म्हणजे एनसीआरचे घेतले आहे. या क्षेत्रात दिल्लीबरोबर हरियाणातील सोनीपत, पानिपत, कर्नाल, उत्तर प्रदेशातील मेरठ, बागपत, मुझफ्फरनगर आणि राजस्थानातील अलवर, भरतपूर असे जिल्हे येतात. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथील पराली म्हणजे भाताचा पेंढा आणि धसकटे जाळण्याची बातमी आपण ऐकतो. बातमी धुराची असते. त्याच आगीत मातीचे काय होते, हे फारसे सांगितले जात नाही. महाराष्ट्रात उसाचे पाचट किंवा कापसाच्या पऱ्हाट्या जाळणाऱ्या शेतकऱ्यालाही हा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो.

मातीत काय चालते?

चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यातले काही काडीकचरा कुजवतात. काही हवेतला नत्र धरून ठेवतात, कारण हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असला तरी पिकाला तो थेट घेता येत नाही. काही जिवाणू मातीत घट्ट बसलेला स्फुरद विरघळवून मुळांना देतात. त्यांच्या जोडीला बुरशी असते. बुरशीचे बारीक धागे मातीचे कण बांधून ठेवतात, त्यामुळे जमीन भुसभुशीत राहते आणि पाणी मुरते.

रासायनिक खत वापरले की जिवाणूंची गरज संपते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. तुम्ही युरिया टाकता तेव्हा जिवाणूंनी तयार केलेल्या विकरामुळे त्याचे आधी अमोनियममध्ये रूपांतर होते. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. पीक नत्र घेते ते मुख्यतः या दोन रूपांत. म्हणजे दुकानातून आणलेली गोणीसुद्धा पिकापर्यंत पोहोचते ती जिवाणूंच्या हातून.

या कामासाठी जिवाणूंना ओलावा, हवा आणि अन्न लागते. त्यांचे अन्न म्हणजे कर्ब, आणि तो येतो पेंढा, मुळे, पालापाचोळा व शेणखतातून. म्हणूनच पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा आकडा हा जिवाणूंच्या धान्याच्या कणगीचा आकडा आहे, असे समजायला हरकत नाही.

सर्वसाधारणपणे सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ‘कमी’, ०.५० ते ०.७५ टक्के असेल तर ‘मध्यम’ आणि त्याहून जास्त असेल तर ‘जास्त’ मानतात. महाराष्ट्रातील अहवालात ‘अत्यंत कमी’पासून ‘अत्यंत जास्त’पर्यंत सहा वर्ग असू शकतात, तेव्हा केवळ शब्द पाहू नका, आकडा पाहा. उष्ण हवामानात कर्ब लवकर झिजतो. त्यामुळे जमिनीला दर हंगामात काहीतरी परत द्यावेच लागते.

पेंढा जाळल्यावर काय जाते आणि काय राहते?

एक टन भाताच्या पेंढ्यात सुमारे ४०० किलो कर्ब, ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि १.२ किलो गंधक असते. जाळल्यावर कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते. गंधकाचाही काही भाग जातो. पालाश आणि स्फुरद बऱ्याच अंशी राखेत उरतात. ‘राख हेही खतच’ असे जुने शेतकरी म्हणतात, त्यात तेवढ्यापुरते तथ्य आहे. पण ती राख वाऱ्याने शेजारच्या शेतात उडून गेली किंवा पहिल्या पाण्याबरोबर वाहून गेली, तर तेही हाती राहत नाही.

आता एका एकराचा हिशेब करा. भाताच्या एका एकरातून साधारण २ ते २.५ टन पेंढा निघतो. अडीच टनांत सुमारे १४ किलो नत्र असते, म्हणजे जवळपास ३० किलो युरिया. युरियाची गोणी ४५ किलोची असते. एक एकर जाळताना तुम्ही गोणीचा दोन-तृतीयांश भाग पेटवून देता आणि आठवडाभराने तीच गोणी विकत आणता. पालाशचा आकडा त्याहून मोठा आहे : अडीच टनांत ६० किलोंहून अधिक.

आगीची धग मातीत सुमारे १ सेंटीमीटर खोलवर जोराने पोहोचते आणि तेवढ्या थरातले जिवाणू व बुरशी मोठ्या प्रमाणात मरतात. एक सेंटीमीटर म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण हवा, ओलावा आणि कुजणारा कचरा वरच्याच थरात एकत्र येतात, त्यामुळे जिवाणूंची सर्वांत दाट वस्तीही तेथेच असते. एकदा जाळल्यास खालच्या थरातून जिवाणू पुन्हा वर येतात आणि काही काळाने संख्या भरून निघते. दर वर्षी जाळल्यास मात्र ती भरून निघत नाही, कारण परत आलेल्या जिवाणूंना खायला काही उरलेले नसते. आमच्या मते खरे नुकसान धगीचे कमी आणि उपाशी ठेवण्याचे जास्त आहे.

शेतकरी तरीही का जाळतो?

हे समजून न घेता त्याला दोष देणे योग्य नाही. हरियाणा आणि पंजाबमध्ये भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये कायदे झाले आणि भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली गेली. साहजिकच कापणीही पुढे गेली. गहू तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरायला हवा, नाहीतर मार्चच्या उन्हात दाणा बारीक राहतो. दोन्ही पिकांच्या मध्ये काही ठिकाणी तीन आठवडेही मिळत नाहीत. कंबाइन हार्वेस्टर गुडघाभर धसकटे उभी ठेवतो आणि पेंढ्याच्या ओळी मागे सोडतो. त्यात नेहमीचे पेरणी यंत्र चालत नाही. मजूर महाग असतात. काडेपेटी अगदी स्वस्तात मिळते.

या घाईवरचा एक साधा उपाय म्हणजे लवकर येणारे वाण. पुसा बासमती १५०९ हे वाण सुमारे ११५ ते १२० दिवसांत येते. त्याउलट पुसा ४४ ला १५५ ते १६० दिवस लागतात. एका वाणाच्या निवडीवर महिन्याहून अधिक काळ हाती येतो किंवा जातो.

पुसा डीकंपोझर : काय आहे, कसा वापरायचा?

नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेला लोक ‘पुसा’ म्हणून ओळखतात. ही संस्था १९०५ मध्ये बिहारमधील पुसा या गावी स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारत कोसळली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली, पण नाव गावाचेच राहिले. याच संस्थेने पेंढा शेतातच कुजवणाऱ्या बुरशींचे मिश्रण तयार केले. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या नरेला भागातील हिरंकी गावातून त्याची शासकीय खर्चाने मोठ्या प्रमाणावर फवारणी सुरू झाली.

हे मिश्रण कॅप्सूलमध्ये मिळते. चार कॅप्सूलपासून २५ लिटर द्रावण होते आणि ते एक हेक्टरला पुरते. आधी ५ लिटर पाण्यात १५० ग्रॅम गूळ उकळून, वरची मळी काढून, ते थंड होऊ द्यायचे. त्यात ५० ग्रॅम बेसन आणि कॅप्सूलमधील भुकटी मिसळून भांडे पातळ कापडाने झाकायचे आणि उबदार जागी ठेवायचे. काही दिवसांनी वर बुरशीची साय धरते. मग थोड्या थोड्या दिवसांनी गुळाचे थंड पाणी वाढवत २५ लिटरपर्यंत न्यायचे. गूळपाणी गरम असताना भुकटी टाकली तर बुरशी मरते. ही चूक अनेकांकडून होते. तयारीला ८ ते १० दिवस लागतात, म्हणून कापणीची वाट न पाहता आधीच सुरुवात करा. भुकटीच्या रूपातही हे उत्पादन आता मिळते, त्याचे प्रमाण पाकिटावर दिलेले असते.

फवारणीनंतर पेंढा मातीत मिसळणे आणि हलके पाणी देणे गरजेचे आहे. त्यानंतर कुजायला २० ते २५ दिवस लागतात. कोरड्या पेंढ्यावर फवारा मारून तसेच सोडून दिल्यास काहीही होत नाही, आणि ‘औषध चालले नाही’ या तक्रारींपैकी अनेकांचे मूळ यातच असते. हातात फक्त दहा-बारा दिवस असतील तर डीकंपोझरवर विसंबू नका. त्या वेळी हॅपी सीडरसारखे यंत्र अधिक कामाचे आहे. ते उभ्या धसकटांतच गहू पेरते आणि पेंढा वर आच्छादन म्हणून पसरवते. ओल टिकते, जमीन उलथली जात नाही आणि बुरशीचे धागेही तुटत नाहीत.

बेलरने गाठी बांधून पेंढा विकणे हा तिसरा मार्ग. हवेसाठी तो चांगला आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण मातीला त्यातून फक्त मुळे आणि बुडखे मिळतात. दर वर्षी पेंढा विकत असाल तर शेणखत किंवा हिरवळीचे खत देऊन तेवढा कर्ब परत करा.

पेंढा गाडला आणि गहू पिवळा पडला, असे का होते?

हा प्रश्न हमखास येतो आणि याच कारणाने काही शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा जाळतात. भाताच्या पेंढ्यात एका भाग नत्रामागे सुमारे ८० भाग कर्ब असतो. जिवाणूंच्या शरीरात मात्र हे प्रमाण एकास आठ-दहाच्या आसपास असते. एवढा कर्ब पचवायला त्यांना नत्र कमी पडतो, मग ते मातीतला नत्र ओढून घेतात. पहिले दोन-तीन आठवडे पिकाच्या वाट्याचा नत्र जिवाणूंच्या पोटात असतो. ते मरून कुजले की तो परत मिळतो. नत्र गेलेला नसतो, उसना घेतलेला असतो.

म्हणून पेंढा गाडल्यावर पेरणीपूर्वी शक्य तितका, निदान तीन आठवड्यांचा वेळ द्या. तेवढा वेळ नसेल तर शिफारशीतील नत्राचा पहिला हप्ता पेरणीबरोबर चुकवू नका. हॅपी सीडरने पेंढा वरच ठेवला असेल तर हा त्रास कमी होतो, कारण पेंढ्याचा मातीशी संबंध थोडाच येतो.

उसाच्या पाचटाचेही तसेच आहे. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते. पाचट सरीत ठेवून त्यावर प्रति टन ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस आहे. यातला युरिया उसासाठी नसून जिवाणूंसाठी असतो. हे माहीत नसल्याने अनेक जण तो वाचवतात आणि मग पाचट कुजत नाही म्हणतात. मेरठ-मुझफ्फरनगरच्या ऊस पट्ट्याला आणि कोल्हापूर-सांगलीच्या खोडव्याला नियम एकच.

जिवाणू खते : पाकीट आणि मुळावरच्या गाठी

हरभरा, तूर, मूग, सोयाबीन या पिकांच्या मुळांवर रायझोबियम जिवाणू गाठी करून राहतात. पीक त्यांना साखर देते, ते पिकाला हवेतला नत्र देतात. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक, हे नेहमीचे प्रमाण. बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचे असेल तर ते आधी लावा, जिवाणू संवर्धक सर्वांत शेवटी. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरा. प्रत्येक पिकाचा जिवाणू गट वेगळा असतो : हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. पाकीट विकत घेताना अंतिम तारीख पाहा आणि दुकानात ते उन्हात ठेवलेले नाही ना, हेही.

गाठी काम करतात की नाही, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी दोन-चार रोपे उपटू नका, तर कुदळीने मातीसह काढा. मुळे पाण्यात हलवून धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर नत्र बांधला जात आहे. आत पांढरट, करडा किंवा हिरवट रंग असेल तर गाठ निकामी आहे. पेरणीच्या वेळी नत्र जास्त टाकला असेल तर गाठी कमी होतात, कारण आयते मिळत असताना पीक जिवाणूंना पोसत नाही.

भात-गहू पट्ट्यात गहू काढल्यावर एप्रिल ते जून शेत रिकामे असते. पाणी असेल तर त्या काळात साठ-पासष्ट दिवसांचा उन्हाळी मूग घेता येतो. शेंगा तोडून वरचा पाला जमिनीत गाडला की पुढच्या भाताला नत्रही मिळतो आणि जिवाणूंना कोवळे, लवकर पचणारे अन्नही. भातासाठी निळे-हिरवे शेवाळ हाही जुना उपाय आहे. पुसा संस्थेत या शेवाळांचे जतन आणि संशोधन करणारे स्वतंत्र केंद्र आहे.

जीवामृताबद्दल थोडे. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती ही त्याची कृती विदर्भातील सुभाष पाळेकर यांच्यामुळे देशभर पोहोचली. जीवामृत काय किंवा पाकिटातले जिवाणू काय, ते शेतात येणारे पाहुणे आहेत. घरात धान्य नसेल तर पाहुणे टिकत नाहीत. सेंद्रिय कर्ब ०.३ टक्के असलेल्या, दर वर्षी पेटवल्या जाणाऱ्या शेतात जीवामृत ओतून फार अपेक्षा ठेवू नयेत.

खत बंद करायचे का?

नाही. १९७० पासून देशात अनेक ठिकाणी, दिल्लीतही, एकाच शेतात दशकानुदशके तीच खतमात्रा देऊन दीर्घ मुदतीचे प्रयोग चालू आहेत. महाराष्ट्रात अकोल्यालाही असा प्रयोग आहे. त्यांतून दिसते ते असे : फक्त नत्र देत राहिलेल्या वाफ्यांचे उत्पादन टिकले नाही. नत्र, स्फुरद, पालाश संतुलित दिलेले वाफे बरे राहिले. संतुलित खताबरोबर शेणखत दिलेल्या वाफ्यांत उत्पादन, कर्ब आणि जिवाणूंचे प्रमाण तिन्ही चांगले राहिले. केवळ युरियावर शेती करणाऱ्याने या निकालाचा विचार करावा.

योजना आणि नियम

मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे सुरू झाली. आता ती राष्ट्रीय कृषी विकास योजनेचा भाग आहे. नमुना पीक काढल्यावर, पण खत टाकण्याआधी घ्यावा. इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती शेतातील अनेक ठिकाणांहून गोळा करा, एकत्र मिसळा आणि अर्धा किलो ठेवा. बांध, झाडाखालची सावली, खताच्या ढिगाची जागा आणि पेंढा जाळलेली जागा टाळा. राखेमुळे पालाश व सामूचे आकडे फसवे येतात.

पीक अवशेष व्यवस्थापन योजना २०१८-१९ पासून पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीसाठी आहे. यंत्र खरेदीवर वैयक्तिक शेतकऱ्याला ५० टक्के, तर भाड्याने यंत्रे देणारी केंद्रे उभारणाऱ्या सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पंचायतींना ८० टक्के अनुदानाची तरतूद आहे. दोन-तीन एकरांसाठी स्वतःचे यंत्र घेऊ नका, अशा केंद्राकडून भाड्याने घ्या. वर्षातले वीस दिवस चालणारे यंत्र अनुदान मिळूनही परवडत नाही.

परंपरागत कृषी विकास योजनेत गटाने सेंद्रिय शेती करणाऱ्यांना तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपयांचे साहाय्य आहे. त्यातील १५,००० रुपये निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होतात. राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्यात १५,००० समूह आणि जीवामृतासारख्या निविष्ठा तयार मिळाव्यात म्हणून १०,००० जैव-निविष्ठा केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट आहे.

एनसीआर आणि लगतच्या भागात पराली जाळल्यास भरपाई द्यावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची रक्कम दुप्पट करण्यात आली : २ एकरांपेक्षा कमी जमीन असल्यास ५,००० रुपये, २ ते ५ एकरांसाठी १०,००० रुपये आणि त्याहून अधिक असल्यास ३०,००० रुपये. हरियाणात याशिवाय ‘मेरी फसल मेरा ब्योरा’ पोर्टलवर लाल नोंद होऊन पुढचे दोन हंगाम हमीभावाने विक्री बंद होऊ शकते. दंडापेक्षा ही नोंद अधिक महाग पडते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी अवजारांच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा आणि माती नमुन्यासाठी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना भेटावे. किसान कॉल सेंटरचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-१५५१ असून तेथे मराठीतून बोलता येते. फोन करताना पत्रिका हातात ठेवा. सेंद्रिय कर्ब आणि सामू हे दोन आकडे सांगितले की सल्ला नेमका मिळतो.